नडगीवरचा हातोडा

“मांजरासारखी पाठ करा, काका. हनुवटी छातीला टेकवा.”

तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या टेबलाच्या कडेवर बसला आहात. पाय खाली स्टुलावर, पोटाशी उशी कवटाळलेली, समोर एक तरुण ब्रदर तुमचे दोन्ही खांदे धरून उभा. एसी असा, की तुमच्या गावी, बदलापूरच्या खरवईत, माघातल्या पहाटेलाही एवढी हुडहुडी भरत नाही. उघड्या पाठीवरून गार बोळा फिरतो, एकदा, दोनदा, तीनदा. मागे उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञ बाई तुमच्या कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा बोटांनी चाचपतात, तिथून मणक्यापर्यंत मनातल्या मनात आडवी रेघ ओढतात आणि दोन मणक्यांमधल्या खळग्यावर अंगठा दाबून थांबतात.

“आधी मुंगी चावल्यासारखं होईल. मग नुसतं दाबल्यासारखं वाटेल. काही झालं तरी हलायचं नाही.”

तुमचं वय अडुसष्ट. तीस वर्षं खरवईच्या एमआयडीसीत पाळ्या केल्या. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागू लागलं, ते वयाचं म्हणून सोडून दिलं. कंबर दुखू लागली, ते वजनं उचलल्याचं म्हणून सोडून दिलं. मग पीएसएचा आकडा आला, मग बायॉप्सीचे बारा तुकडे, मग हाडांचा स्कॅन आणि कमरेच्या हाडावर दिसलेले काळे ठिपके. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. प्रोस्टेटचा हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, ते हार्मोन बंद करायचं. एक तर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच एक छोटं ऑपरेशन करून दोन्ही अंडकोष काढायचे. बदलापूर ते परळ लोकलला लोंबकळत जन्मभर इंजेक्शनांच्या तारखा सांभाळण्यापेक्षा तुम्ही ऑपरेशन निवडलंत. त्या निर्णयाला किती रात्री गेल्या, ते तुम्हाला आणि तुमच्या घरच्या माणसाला ठाऊक.

पण काल रात्री वॉर्डातल्या छताकडे बघत पडला होतात, तेव्हा तुमच्या मनात कॅन्सर नव्हता. भूल होती. आपल्याकडे बहुतेकांचं असंच असतं. कॅन्सरचं नाव ऐकून माणूस गप्प होतो, पण विचारतो ते एवढंच, की भुलीतून उठेन ना? शब्दच तसा आहे. मराठीत भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे विसर, भूल म्हणजे मोह, आणि ऑपरेशनच्या आधी देतात तीही भूलच. लहानपणी आजी सांगायची, चंदेरीच्या डोंगराच्या पायथ्याच्या रानात रानभूल आहे, तिच्यावरून पाय पडला की माणूस ओळखीच्या वाटेवरही गोल गोल फिरत राहतो. त्यावर तिचा उपाय ठरलेला. धावायचं नाही. आहे तिथेच बसून राहायचं, उजाडेपर्यंत.

मुंगी चावते. मग खरंच नुसतं दाबल्यासारखं वाटतं. सुई अगदी बारीक आहे. ती पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यापर्यंत पोहोचते आणि तिच्या टोकाशी त्या पाण्याचा स्वच्छ थेंब येतो. तो तुम्हाला दिसत नाही, बाईंना दिसतो. मज्जारज्जू या जागेच्या बराच वर संपलेला असतो, इथं फक्त त्यातून निघालेल्या नसा पाण्यात तरंगत असतात. तरीही बाईंनी काल तुमचा एमआरआय दोनदा खिडकीशी धरून पाहिला होता. आजार मणक्यात उतरला असेल, तर कुठे सुई घालायची आणि कुठे घालायचीच नाही, हे आधी ठरवावं लागतं.

तीन मिलिलिटरहून कमीच औषध. ते साखरेच्या पाण्यात विरघळवून जड केलेलं असतं, म्हणजे ते खाली बसतं आणि टेबल कलवून हवं तिथपर्यंत नेता येतं. तुमच्या तळपायांत ऊब शिरते. मग मांड्यांत. तुम्हाला उताणं निजवतात. पाय तुमचे आहेत, पण ते पलीकडच्या खोलीत ठेवल्यासारखे. आणि रानभुलीवर पाय पडतो.

तुम्ही पुण्यात आहात. पेशवाई अजून उभी आहे, १७९० नंतरची दोन-तीन वर्षं. तुमच्यापुढे जमिनीवर एक माणूस उताणा निजला आहे. त्याचं नाव इंग्रजांच्या कागदांत कावसजी असं लिहिलं जाईल. इंग्रजी फौजेचा गाडीवान. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. शेजारी विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला एक वैद्य बसला आहे. त्यानं मेणाचं नाक करून कावसजीच्या चेहऱ्यावर बेतलं, मग ते चपटं करून कपाळावर ठेवून त्याच्या कडेनं रेघ मारली. आता त्या रेघेवरून वस्तरा फिरणार आहे. कपाळाची कातडी सोलून, पीळ देऊन खाली नाकावर बसवायची आहे. कलम जगेल, नाक होईल, दोन इंग्रज डॉक्टर ते पाहतील आणि १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट हकीकत छापून येईल. युरोपातली नाकाची शस्त्रक्रिया तिच्यापासून नव्यानं सुरू होईल.

इतकं कसब इथं आहे. पण भूल अजून जगात कुठेच नाही. ईथरचा पहिला गाजलेला प्रयोग बोस्टनमध्ये व्हायला १८४६ उजाडावं लागेल, आणि क्लोरोफॉर्म त्याच्याही पुढच्या वर्षी येईल. वस्तऱ्याचं पातं कपाळाला लागतं तेव्हा तुम्ही मान फिरवता. मला वाटतं, तुमच्या जागी मीही फिरवली असती. तुमच्या वयाच्या माणसाच्या ओटीपोटात खोलवर दडलेल्या, अक्रोडाएवढ्या ग्रंथीशी पोहोचणं इथं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. हात कुशल होते, पण माणूस तेवढा वेळ स्थिर पडून राहूच शकत नव्हता.

पुन्हा वाट वळते. हैदराबाद, १८८९. तुमचे जालना-परभणीकडचे सोयरे ज्याच्या मुलखात राहतात, त्या निजामाची राजधानी. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मबद्दल एक हट्ट धरला आहे. त्यांचं म्हणणं, क्लोरोफॉर्मनं हृदय थेट थांबत नाही, आधी श्वास थांबतो, म्हणून भूल देणाऱ्यानं नाडी सोडून श्वासावर डोळा ठेवावा. विलायतेतल्या लोकांना ते पटेना, म्हणून निजामानं एक हजार पौंड मंजूर करून तिथले मोठे डॉक्टर लॉडर ब्रन्टन यांना इथं बोलावलं. शेकडो जनावरांवर प्रयोग चालले आहेत. पिंजऱ्यांकडे तुम्हाला बघवत नाही.

त्या दालनात एक तरुण पारशी बाई आहे, रूपाबाई फर्दुनजी. ती इथंच डॉक्टर झाली आणि पुढची कितीतरी वर्षं हैदराबादेतल्या दवाखान्यांत क्लोरोफॉर्म देण्याचं काम करणार आहे. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतात. तुम्ही तिच्याकडे जरा वेळ बघत राहा. पेशंटच्या उशाशी ती कुठे बसते आणि कुठे बघते ते पाहा. सर्जनचे डोळे जखमेवर, तिचे चेहऱ्यावर. आज तुमच्या डोक्याशी ज्या बाई बसल्या आहेत त्यांची जागाही तीच.

लॉरी चुकले होते. १९११ मध्ये इंग्लंडच्या गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदयाचा ठोका एकाएकी बेताल होऊन माणूस जाऊ शकतो. श्वासही बघायचा आणि नाडीही. तेवढं शिकायला किती घरांतली माणसं परत आली नसतील. आपल्या आज्यांची भुलीबद्दलची भीती अडाणी नव्हती, त्यांच्या काळात ती खरीच होती.

आता थांबा. यापुढचं ठिकाण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे.

जर्मनीतलं कील. समुद्रकाठचं गाव. २४ ऑगस्ट १८९८ ची संध्याकाळ. एका खोलीत दोन डॉक्टर, आउगुस्ट बीअर आणि त्यांचा सहायक हिल्डेब्रांट. आठच दिवसांपूर्वी, १६ तारखेला, बीअर यांनी घोट्याच्या क्षयाच्या एका मजुराच्या कमरेतून कण्याच्या पाण्यात कोकेन सोडलं, आणि त्या मजुरानं जागेपणी ऑपरेशन सोसलं. पण नंतर त्याला डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. हे कोकेननं झालं की सुईनं? दुसऱ्यावर ढकलण्याआधी बीअर यांनी स्वतःची पाठ पुढे केली. हिल्डेब्रांटनं सुई घातली, पण सिरिंज त्या सुईला नीट बसेना. औषध बाजूलाच सांडलं आणि कण्याचं पाणी बरंच वाहून गेलं. मग हिल्डेब्रांट म्हणाला, माझ्यावर करा.

पाच मिलिग्रॅम कोकेन. तुम्ही भिंतीला टेकून बघताय. बीअर घड्याळ घेऊन बसतात आणि लिहीत जातात. मांडीत सुई टोचतात. हिल्डेब्रांट म्हणतो, दाबल्यासारखं वाटतं. पेटता सिगार पायाला लावतात. उष्ण वाटतं, दुखत नाही. तेविसाव्या मिनिटाला बीअर लोखंडी हातोडा उचलून त्याच्या नडगीवर हाणतात.

तुमच्या तोंडून आवाज निघतो, त्याच्या नाही.

आणि पंचविसाव्या मिनिटाला ते त्याचा अंडकोष मुठीत घेऊन जोरानं दाबतात आणि ओढतात. पुरुषाला तिथं नुसता धक्का लागला तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. हिल्डेब्रांट शांत बसला आहे. वहीत नोंद होते, वेदना नाही.

काका, आज तुमच्यावर जे होणार आहे त्याची परीक्षा त्या खोलीत झाली. जागा तीच, सुईही तिथेच. म्हणून मी तुम्हाला इतक्या लांब घेऊन आलो.

पाऊण तासानं हिल्डेब्रांटची वेदना परत आली. दोघं जेवायला गेले, वाइन प्यायले, सिगार ओढले. दुसऱ्या दिवशी हिल्डेब्रांटला ओकाऱ्या, भयंकर डोकेदुखी आणि नडग्यांवर निळे-काळे डाग. बीअर यांचं डोकं तर उठून बसलं की फुटायचं आणि आडवं झालं की थांबायचं. नऊ दिवस ते अंथरुणात होते. कारण कण्याचं पाणी त्या जाड सुईच्या भोकातून पाझरत राहिलं होतं. तुमच्या पाठीत गेलेली सुई इतकी बारीक का, याचं मूळ त्या नऊ दिवसांत आहे. आणि कोकेन तर आता कुणी तिथं घालतही नाही. तुम्हाला दिलेलं औषध १९५७ मध्ये स्वीडनमध्ये घडवलेलं, बुपिवाकेन नावाचं. पाऊण तास नव्हे, दोन-तीन तास टिकतं.

पुढची वाट भरभर संपते. ७ एप्रिल १९०४, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. ह्यू हॅम्पटन यंग हे कॅन्सर झालेली प्रोस्टेट ग्रंथी खालच्या बाजूनं, गुदद्वार आणि अंडकोषाच्या मधल्या जागेतून, पहिल्यांदाच पूर्ण काढत आहेत. त्यांच्या मदतीला थोर सर्जन विल्यम हॉलस्टेड उभे आहेत. नसा कोकेननं बधिर करता येतात हे वीस वर्षांपूर्वी हॉलस्टेड यांनी स्वतःवर सुया टोचून टोचून शोधलं, आणि त्यातच ते व्यसनात अडकले. पुढे मॉर्फिननं त्यांना जन्मभर सोडलं नाही. त्यांच्या हातमोज्यांकडे तुम्ही बघता. वेदना थांबवण्याचा शोध लावणाऱ्यांनी त्याची किंमत आपल्या अंगावर मोजली आहे, हे त्या खोलीत फार जवळून दिसतं.

मग १९४१. हे एकच साल तुम्हाला दोन ठिकाणी उभं करतं. शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांचा लेख निघतो. अंडकोष काढले किंवा स्त्री-हार्मोन दिलं, तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर मागे हटतो. हाडांच्या दुखण्यानं कुशीवर वळता न येणारी माणसं काही दिवसांत उठून बसतात. शत्रूशी समोरासमोर न भिडता त्याची रसद तोडायची, हे आपल्या मुलखाला कुणी शिकवायला नको. हगिन्स यांना त्याबद्दल १९६६ मध्ये नोबेल मिळालं. इंजेक्शनं, गोळ्या कितीतरी आल्या, पण ते ऑपरेशन अजून तसंच आहे, तेच आज तुमचं.

आणि त्याच साली, २८ फेब्रुवारीला, परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन होतं. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्यांचे पती दोराबजी पुढच्याच वर्षी. त्यांच्या ट्रस्टनं हे उभं केलं. तुम्ही गर्दीच्या मागे उभे राहा. गिरण्यांचे भोंगे ऐकू येतात. खरवईत त्या दिवशी भाताची खाचरं कोरडी पडलेली असतील, आणि गावातला एखादा म्हातारा लघवी तुंबून ओट्यावर तळमळत असेल, त्याला हे दार उघडल्याचं कळलंही नसेल. गावाखालून रेल्वे १८५६ पासून जात होती. पण रेल्वे असणं आणि पोहोचणं यांत फार अंतर असतं, आजही असतं. तुम्हीही आजार हाडांपर्यंत पसरल्यावरच आलात ना.

“काका, मळमळतंय का?”

तुम्ही परत आला आहात. होय, मळमळतंय, आणि डोळ्यांपुढे थोडं करडं झालंय. पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावल्यानं बीपी उतरलं आहे. तुम्ही सांगण्याआधीच बाईंनी ते स्क्रीनवर पाहिलं, सलाईन जोरात सोडलं, नळीतून एक औषध दिलं. मिनिटाभरात करडं ओसरतं. तुमच्या बोटावर चिमटा आहे, त्यातल्या लाल उजेडानं रक्तातला प्राणवायू मोजला जातो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही युक्ती. श्वासातून आलेला प्राणवायू आणि नाडी, दोन्ही एकाच वेळी. त्याचा टुक-टुक आवाज ऐकू येत राहतो आणि तुम्हाला हैदराबादची ती बाई आठवते.

हिरव्या पडद्यापलीकडे ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं. बरोबर हिल्डेब्रांट म्हणाला होता तसंच. अर्ध्या तासात सर्जन म्हणतात, झालं.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती अर्धवट ऐकून घराघरांत पोहोचते. भुलीच्या प्रकारानं कॅन्सर परत येणं थांबतं का? २००८ मध्ये २२५ पेशंटांचे जुने कागद तपासून एक अभ्यास निघाला. प्रोस्टेट काढताना पूर्ण भुलीबरोबर पाठीतून एपिड्युरल दिलेल्यांत आजार उलटण्याचा धोका ५७ टक्के कमी दिसला. आशा वाटावी असाच आकडा. पण तो मागं वळून पाहिलेला अभ्यास होता, आणि नंतरच्या अभ्यासांत असा भरवशाचा फायदा दिसला नाही. स्तनांच्या कॅन्सरमध्ये दोन हजारांहून जास्त बायकांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या परीक्षेतही, २०१९ मध्ये, दोन प्रकारच्या भुलींत फरक दिसला नाही. मात्र परळच्याच टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये वेगळीच गोष्ट दाखवली. स्तनातली गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन हे साधं, स्वस्त बधिर करणारं औषध टोचलं. सुमारे सोळाशे बायकांच्या त्या परीक्षेत पाच वर्षांनी आजाराशिवाय जगणाऱ्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. ते स्तनांबद्दल आहे, प्रोस्टेटबद्दल नाही. त्यामुळे आज तुमच्यासाठी भुलीची निवड ही तुमचं हृदय, तुमची फुप्फुसं, तुमचा मणका आणि ऑपरेशनचा प्रकार बघूनच करायची. पण गिरणगावात बसून कुणी असा प्रश्न विचारला आणि जगाला उत्तर दिलं, याचा मला अभिमान वाटतो.

रिकव्हरीत सिस्टर म्हणतात, पायाचा अंगठा हलवून दाखवा. हलत नाही. तुम्ही घाबरत नाही. उजाडेपर्यंत बसून राहायचं. दुपारी तीनच्या सुमाराला डावा अंगठा हलतो, मग उजवा, मग गुडघे. चहा मिळतो. तुमच्या उशाशी बसलेल्या त्या बाईंना शोधता, तर त्या पुढच्या टेबलावर गेलेल्या.

आठवड्यानं तुम्ही खरवईत, ओट्यावर खुर्ची टाकून बसला आहात. चंदेरीचा सुळका स्वच्छ दिसतोय. कमरेचं दुखणं खरोखरच उतरलं आहे, हगिन्सच्या म्हाताऱ्यांचं उतरलं होतं तसं. पाळीतला तुमचा जुना जोडीदार येऊन शेजारी टेकतो. त्यालाही तेच निघालंय, पण लवकर सापडलं, ग्रंथीबाहेर गेलेलं नाही. त्याची पूर्ण ग्रंथी रोबोटनं काढणार आहेत. पंधरा दिवसांनी तारीख. तो कॅन्सरबद्दल काही विचारत नाही. बराच वेळ नाक्याकडे बघत राहतो आणि म्हणतो, “भुलीत काय होतं रे?”

तुम्ही त्याला कीलच्या हातोड्याची गोष्ट सांगता. तो नडगी चोळतो. मग तुम्ही सांगता, तुझी भूल माझ्यासारखी अर्धी नाही, पूर्ण असेल. पोटात वायू भरून, डोकं खाली आणि पाय वर करून तीन-चार तास ठेवतात, म्हणून घशात नळी घालून श्वास मशीन देतं. आदल्या दिवशी भूलवाल्या डॉक्टर येतील. बदलापूर स्टेशनचा पूल एका दमात चढतोस का, असं विचारतील, खरं सांग. तंबाखूचं सांग, मी लपवणार होतो, मग सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी घेत असशील तर ती आजच सांग, ऐनवेळी नको. जेवण सहा तास आधी बंद, आणि साधं पाणी केव्हापर्यंत चालेल ते त्यांना विचार, उगाच रात्रभर तहानेनं तळमळू नकोस.

तो मान डोलावतो. तुम्ही त्याच्या तोंडाकडे निरखून बघता.

“आणि जरा आ कर बघू. घशात नळी घालताना पुढचा दात निसटायला नको. तुझा तो खालचा अजून हलतोय का रे?”